पैसे कट झाले, ऑर्डर कुठे गेली?

‘माझे पैसे कट झालेत, पण ऑर्डर दिसत नाही.’ ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कोणालाही हा मेसेज नवा नाही. सणासुदीला तो हमखास येतो. त्या दिवसांत बँकांच्या सर्व्हरवर ताण असतो, गिऱ्हाईक घाईत असतं आणि दुकानदार पॅकिंगमध्ये बुडालेला असतो. मग होतं असं, की गिऱ्हाइकाचा राग नको म्हणून कोणी पैशांची खात्री न करताच माल पाठवून देतो, तर कोणी ‘आमच्याकडे काही आलेलं नाही, बँकेत विचारा’ म्हणत हात झटकतो. पहिल्या प्रकारात माल जातो, दुसऱ्यात गिऱ्हाईक जातं.

दोन्ही टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: पैसा एका वाटेने येतो आणि पैसा आल्याची खबर दुसऱ्या वाटेने येते. दुकानाच्या पडद्यावर ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल’ असं जे दिसतं, ती फक्त खबर असते. पैसा नेमका कुठे आहे, ते ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या, म्हणजे पेमेंट गेटवेच्या, डॅशबोर्डवर आणि बँकेच्या खात्यात पाहावं लागतं.

पैसा कुठे अडकतो?

समजा, देवगडच्या एका बागायतदाराचं हापूसचं ऑनलाइन दुकान आहे. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली आहे. रात्री पावणेदहाला ठाण्याचा एक ग्राहक पाच डझनांची पेटी निवडतो आणि यूपीआयने पैसे भरतो. दुकानाच्या साइटवर त्याआधीच ऑर्डर क्रमांक १०४२ तयार झालेली असते, स्टेटस पेंडिंग. ग्राहक फोनवर पिन टाकतो. त्याच्या ॲपकडून विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे जाते, एनपीसीआय त्याच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, मग गेटवेच्या बँकेला जमा करायला सांगते आणि ‘झालं’ हा निरोप उलट फिरतो. शेवटी गेटवे दुकानाच्या साइटला दोन मार्गांनी कळवतो. एक, ग्राहकाच्या ब्राउझरला साइटवर परत पाठवून. दोन, आपल्या सर्व्हरवरून दुकानाच्या सर्व्हरला थेट निरोप देऊन. या थेट निरोपाला वेबहुक म्हणतात.

एवढ्या लांब साखळीत खंड पडण्याच्या जागा मुख्यतः तीन.

पहिली, रक्कम वजा होण्याआधी. पिन चुकला, शिल्लक कमी पडली, बँकेचा सर्व्हर बंद होता. इथे पैसे ग्राहकाच्याच खात्यात असतात. व्यवहार खऱ्या अर्थाने फेल.

दुसरी, रक्कम वजा झाल्यावर पण गेटवेकडे जमा होण्याआधी. ग्राहकाला बँकेचा एसएमएस आलेला असतो, तुमच्या गेटवेला मात्र पत्ता नसतो. पैसे बँकांच्या मधल्या व्यवस्थेत असतात.

तिसरी, गेटवेकडे जमा झाल्यावर पण तुमच्या साइटला कळण्याआधी. ग्राहकाने पैसे भरून लगेच टॅब बंद केला किंवा फोनचं नेट गेलं, आणि नेमका वेबहुकही पोहोचला नाही. पैसे आलेले असतात, दुकानाला मात्र खबर नसते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या फोनवरचा एसएमएस अगदी सारखा असतो. उपाय मात्र वेगळे आहेत. दुसऱ्यात पैसे परत करण्याची जबाबदारी बँकांची आहे, तुम्ही खिशातून एक रुपयाही द्यायचा नाही. तिसऱ्यात पैसे तुमच्याकडे आहेत. माल द्या, नाहीतर तुम्हीच रिफंड करा. हा फरक न ओळखता कोणी दुसऱ्या प्रकारात ‘तुमचे साडेचार हजार मी जीपे करतो’ म्हणाला, तर चार दिवसांनी बँकेकडूनही ग्राहकाला तेवढेच पैसे परत मिळतात आणि दुकानदाराचे साडेचार हजार जातात.

पडद्यावरचे शब्द

छोट्या दुकानांत वूकॉमर्स बरंच वापरलं जातं, म्हणून त्याचीच स्टेटस घेऊ. इतर ठिकाणी नावं थोडी बदलतात, अर्थ साधारण तोच राहतो.

– पेंडिंग पेमेंट: ऑर्डर तयार झाली, पैसे आल्याची खबर नाही. ग्राहक पैसे न भरता निघून गेला असेल किंवा पैसे वाटेत असतील. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

– फेल्ड: गेटवेने नकार कळवला. बहुतेक वेळा हे अंतिम असतं, पण नेहमीच नाही. त्याबद्दल पुढे.

– ऑन होल्ड: ग्राहकाने थेट बँक ट्रान्स्फर निवडलं आहे. पैसे आल्याचं तुम्ही स्वतः खात्यात पाहून ऑर्डर पुढे न्यायची. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते आणि दर अर्ध्या तासाच्या बॅचने जाते, त्यामुळे ‘रविवार होता म्हणून आले नसतील’ हे कारण आता चालत नाही.

– प्रोसेसिंग: पैसे आले, माल पाठवायचा. पण कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डरही थेट इथेच येते, तेव्हा पेमेंटचा प्रकार पाहिल्याशिवाय ‘पैसे आले’ समजू नका.

– कॅन्सल्ड: तुम्ही रद्द केली किंवा वेळ संपल्यावर साइटने आपोआप रद्द केली.

शॉपिफाय वापरत असाल, तर तिथे कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डरही ‘पेमेंट पेंडिंग’ अशीच दिसते. तिथलं ‘मार्क ॲज पेड’ हे बटण हाताने दाबायचं आहे. खात्यात रक्कम पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नका, कारण ते दाबल्याने पैसे येत नाहीत, फक्त नोंद बदलते.

गेटवेच्या डॅशबोर्डवर आणखी दोन शब्द भेटतात. ‘ऑथराइझ्ड’ म्हणजे ग्राहकाच्या बँकेने रक्कम मंजूर केली आहे, पण तुम्ही ती अजून ताब्यात घेतलेली नाही. ‘कॅप्चर्ड’ म्हणजे ताब्यात घेतली. ठरलेल्या मुदतीत कॅप्चर न झालेली रक्कम ग्राहकाला परत जाते. ऑर्डर आल्यावर मालाची उपलब्धता पाहून मग पैसे घ्यायचे असा तुमचा व्यवसाय नसेल, तर सेटिंगमध्ये ऑटो कॅप्चर सुरू आहे ना, ते आजच पाहा. हे बंद राहिल्यामुळे माल गेला आणि पैसे परत फिरले, असं घडू शकतं.

पेंडिंग ऑर्डर: किती थांबायचं?

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. यूपीआयचे बरेचसे अडकलेले व्यवहार तेवढ्यात स्वतःहून सुटतात. ग्राहक ॲपवर सारखा रिफ्रेश करत असेल, तर त्याचाही उपयोग नाही. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ॲपना अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते आणि दर वेळी मध्ये ९० सेकंद जावे लागतात.

त्यानंतर गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन ऑर्डर क्रमांकाने शोधा. सापडली आणि ‘कॅप्चर्ड’ असेल, तर प्रकार तिसरा. रक्कम ऑर्डरशी जुळते ना, ते पाहा. गेटवेचा पेमेंट आयडी ऑर्डरच्या नोटमध्ये लिहा आणि ऑर्डर प्रोसेसिंगला न्या. ‘फेल्ड’ असेल, तर ग्राहकाला पुन्हा पैसे भरण्याची लिंक पाठवा. त्याचे पैसे कट झाले असतील, तर आधी वाट पाहायला सांगा. नुसती ‘क्रिएटेड’ असेल, तर ग्राहकाने पैसे भरलेच नाहीत किंवा ते दुसऱ्या प्रकारात अडकलेत.

अशा वेळी ग्राहकाकडून एकच गोष्ट मागा: यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. ॲपमध्ये तो यूटीआर किंवा आरआरएन या नावाने दिसतो. गेटवेच्या मदत विभागाला हा क्रमांक दिला की ते त्यांच्या बँकेकडे शोध घेऊ शकतात. ‘काल रात्री साडेचार हजार भरले होते’ एवढ्या माहितीवर कोणालाच काही सापडत नाही.

थांबण्याची शेवटची हद्द रिझर्व्ह बँकेने आखून दिली आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानाकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. यूपीआयने दुकानाला केलेलं पेमेंट आणि कार्डने केलेली ऑनलाइन खरेदी या दोन्हींना हाच नियम आहे. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते आणि तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. म्हणजे १० तारखेला पैसे अडकले, तर १५ पर्यंत परत यायला हवेत आणि १६ पासून भरपाईचं मीटर सुरू होतं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेल्या पैशांसाठी मुदत याहून कमी, व्यवहारानंतर एक दिवस आहे. ग्राहक बऱ्याचदा तोच नियम इथे लावून भांडतो. त्याला हा फरक शांतपणे सांगा.

ग्राहकाला काय लिहायचं?

पैसे अडकलेल्या माणसाला आधी दोनच गोष्टी हव्या असतात: तुम्हाला प्रकार ठाऊक आहे का, आणि पुढे काय होणार. ‘वी आर लुकिंग इंटू इट’ छापाच्या उत्तराने दोन्ही कळत नाहीत. तीन मसुदे तयार ठेवा आणि गरजेप्रमाणे बदलून पाठवा.

पेंडिंगसाठी: ‘नमस्कार, तुमची ऑर्डर क्र. १०४२ आमच्याकडे नोंदली गेली आहे, पण पैसे पोहोचल्याची खात्री बँकेकडून अजून आलेली नाही. खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर कृपया लगेच पुन्हा पैसे भरू नका. तुमची पेटी उद्या सकाळी ११ पर्यंत राखून ठेवली आहे. ॲपमध्ये दिसणारा बारा अंकी यूटीआर क्रमांक कळवलात, तर आम्ही इकडून तपास करतो.’

फेलसाठी: ‘नमस्कार, ऑर्डर क्र. १०४२ चं पेमेंट पूर्ण झालं नाही. खालील लिंकवरून त्याच ऑर्डरचे पैसे भरता येतील, पत्ता पुन्हा टाकावा लागणार नाही. कार्डने अडत असेल, तर यूपीआय निवडून पाहा. पैसे वजा झाल्याचा एसएमएस आला असेल, तर लिंक वापरण्याआधी आम्हाला कळवा.’

बँकेकडून परत येणाऱ्या पैशांसाठी: ‘तुमचे ४,५०० रुपये आमच्याकडे जमा झालेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते १५ तारखेपर्यंत तुमच्याच खात्यात आपोआप परत यायला हवेत. न आल्यास आमच्या गेटवेचं पत्र तुम्हाला देऊ, ते बँकेत दाखवता येईल.’

मेसेजमध्ये तारीख आणि वेळ ठळकपणे लिहा. ‘लवकरच’ या शब्दाने ग्राहकाचा संशय वाढतो आणि तो दर तासाला फोन करतो.

फेल का होतं?

गेटवेच्या अहवालात प्रत्येक फेल व्यवहारामागे कारण लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा ती यादी उतरवून घ्या आणि कारणांप्रमाणे लावा. चार गट निघतील.

ग्राहकाच्या बाजूची कारणं: पिन किंवा ओटीपी चुकला, वेळ संपली, शिल्लक कमी, दिवसाची मर्यादा ओलांडली. यूपीआयच्या प्रतिसादात ‘झेड ९’ हा कोड दिसला तर शिल्लक कमी आणि ‘झेडएम’ दिसला तर पिन चुकला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. इथे पुन्हा लिंक पाठवली की काम होतं. मात्र ‘तुमच्या खात्यात पैसे नव्हते’ असं ग्राहकाला लिहू नका. ‘बँकेने व्यवहार नाकारला’ एवढं बस आहे.

कार्डाच्या सेटिंगची कारणं: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड हातात येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन खरेदी बंद असते, बँकेच्या ॲपमधून ती सुरू करावी लागते. अनेकांना हे ठाऊक नसतं. तुमच्या फेलच्या पानावर ही एक ओळ लिहिली तरी काही ऑर्डर वाचतील.

बँकेची कारणं: एखाद्या बँकेचे सर्व्हर बंद. एका संध्याकाळी सगळे फेल एकाच बँकेचे दिसले, तर चेकआउटच्या पानावर तशी सूचना द्या. दुसरा पर्याय सुचवा.

तुमच्या बाजूची कारणं: गेटवेची की जुनी झाली, प्लगइन अपडेटमध्ये बिघडलं, सर्टिफिकेट संपलं. अचानक सगळेच व्यवहार फेल होऊ लागले, तर बँकेला दोष देण्याआधी इकडे पाहा.

फेल ऑर्डर परत मिळवायची असेल, तर पहिला मेसेज तासाभरात जाऊ द्या, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर थांबा. तिसऱ्या-चौथ्या मेसेजला ग्राहक ब्लॉक करतो. कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय देता येतो, पण आंबा किंवा फराळासारखा नाशवंत माल असेल तर जपून. डिलिव्हरी घेतली नाही तर पेटी आठवड्याने परत येते आणि तोवर ती कोणाच्या कामाची राहत नाही.

उशिरा आलेले आणि दोनदा आलेले पैसे

रात्री ‘फेल’ दिसलेली ऑर्डर सकाळी ‘पेड’ झालेली दिसते, याला गेटवेच्या भाषेत लेट ऑथरायझेशन म्हणतात. बँकेचं उत्तर वेळेत न आल्याने गेटवे व्यवहार फेल धरतो आणि मग बँक ‘झाला होता’ असं कळवते. दरम्यान ग्राहकाने दुसऱ्या कार्डने पैसे भरलेले असतात. एकाच पेटीचे दोनदा पैसे.

म्हणून रोज सकाळी एक तपासणी करायची: एकाच फोन नंबरवरून चोवीस तासांत तेवढ्याच रकमेचे दोन कॅप्चर्ड व्यवहार आहेत का? असतील, तर ग्राहकाच्या फोनची वाट न पाहता जास्तीची रक्कम परत करा आणि कळवा. दुकानदार स्वतःहून पैसे परत करतो, हे ग्राहक चार जणांना सांगतो.

उशिरा पैसे आले आणि माल संपलेला असेल, तर निर्णय तुमचा एकट्याचा नाही. ‘पुढच्या तोडणीची पेटी मंगळवारी देऊ शकतो, नाहीतर आज रिफंड करतो, काय करू?’ असं विचारा. उत्तराची वाट पाहत पैसे दिवसेंदिवस अडवून ठेवू नका; संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर रिफंड करून मोकळे व्हा.

साठा किती वेळ राखायचा?

वूकॉमर्समध्ये सेटिंग्ज, प्रॉडक्ट्स, इन्व्हेंटरी या पानावर ‘होल्ड स्टॉक’ नावाचा पर्याय आहे. सुरुवातीला तिथे ६० मिनिटं लिहिलेली असतात. एवढ्या वेळात पैसे आल्याची खबर आली नाही, तर पेंडिंग ऑर्डर आपोआप रद्द होते आणि माल पुन्हा विक्रीला येतो.

हा आकडा धंद्याप्रमाणे ठरवा. मोजक्या पेट्या आणि मागणी खूप असेल, तर साठ मिनिटंही जास्त, तीस ठेवा. मागणीनुसार शिवून देणारे कपडे असतील, तर तो कोरा सोडला तरी बिघडत नाही, कारण तिथे साठा संपण्याचा प्रश्नच नाही. पण वेळ कमी ठेवली, तर एक धोका लक्षात ठेवा. रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे उशिरा आले, की काही प्लगइन ती ऑर्डर पुन्हा जिवंत करून प्रोसेसिंगला टाकतात. तोवर ती पेटी दुसऱ्याला विकली गेलेली असते. म्हणून हंगामात शेवटच्या पाच-सात पेट्या साइटवर दाखवूच नका. अशा प्रसंगांसाठी त्या हाताशी ठेवा.

स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे

हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट पाठवून ‘पैसे पाठवलेत, माल काढा’ म्हणणाऱ्यांत प्रामाणिक माणसंही असतात आणि ठगही. खोटी टिक दाखवणारी ॲप्स आहेत, जुन्या स्क्रीनशॉटवरची तारीख बदलता येते. तुम्ही माणसावर संशय घेण्याची गरज नाही, फक्त नियम ठेवा: गेटवेवर कॅप्चर्ड दिसल्याशिवाय किंवा खात्याच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम दिसल्याशिवाय माल निघणार नाही. हा नियम साइटवरही लिहा, म्हणजे बहिणीच्या ओळखीच्या ग्राहकालाही तोच लागू आहे हे सांगताना अवघडल्यासारखं होत नाही.

मोबाइलवर आलेला ‘क्रेडिटेड’ एसएमएसही पुरेसा नाही, बँकेच्या नावाने बनावट एसएमएस येतात. आणि साधा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर पाठवून पैसे घेण्याची सवय असेल, तर ती मोडा. त्या पैशांना ऑर्डर क्रमांक चिकटलेला नसतो. पंधरा जणांनी ४,५०० पाठवले की कोणते कोणाचे, हे शोधण्यात रात्र जाते.

ग्राहकांनाही सावध करा. तुमच्या दुकानाचं नाव सांगून ‘तुमचं पेमेंट फेल झालं, रिफंडसाठी पिन टाका’ असे फोन भामटे करतात. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे वाक्य ऑर्डरच्या प्रत्येक ईमेलखाली छापा. कोणी फसलंच, तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायला सांगा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

रिफंड: ज्या वाटेने आले, त्याच वाटेने

कार्डाने आलेले पैसे कार्डावर, यूपीआयने आलेले त्याच खात्यात. रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रिगेटरसाठीचे, म्हणजे तुमच्या गेटवेसारख्या कंपन्यांसाठीचे, नियम हेच सांगतात. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरा मार्ग. व्यवहारातही हेच शहाणपणाचं आहे. ग्राहक म्हणाला, ‘कार्ड बंद आहे, या नंबरवर जीपे करा’, आणि तुम्ही केलंत, तर नंतर तोच ग्राहक कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून रक्कम पुन्हा परत मिळवू शकतो. त्या वेळी तुमच्या जीपेची नोंद त्या ऑर्डरशी जोडून दाखवणं अवघड जातं.

वूकॉमर्समध्ये रिफंडची दोन बटणं शेजारी असतात. ‘रिफंड मॅन्युअली’ दाबलं, तर फक्त नोंद होते. पैसे हलत नाहीत. गेटवेचं नाव असलेलं बटण दाबलं, तरच पैसे परत जातात. नवीन नोकराला हे पहिल्याच दिवशी दाखवा. रिफंड झाल्यावर कार्डाच्या बाबतीत एआरएन हा संदर्भ क्रमांक मिळतो. तो ग्राहकाला पाठवा. ‘आमच्याकडे आलं नाही’ म्हणणारी बँक त्या क्रमांकावरून शोधू शकते. कार्डाच्या रिफंडला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात, हेही आधीच सांगा. गेटवेचं शुल्क बहुतेक वेळा परत मिळत नाही, तो खर्च धंद्याचा धरा.

बिल आधीच निघालं असेल, तर रिफंडसोबत क्रेडिट नोट काढायला विसरू नका. आणि पेंडिंग किंवा फेल ऑर्डरचं जीएसटी बिल तयारच होऊ देऊ नका. ऑर्डर प्रोसेसिंगला गेल्यावरच बिल निघेल, अशी सेटिंग ठेवा.

वेबहुक चालतो का, ते स्वतः तपासा

तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे पैसे आले पण खबर नाही असे गोंधळ बहुतेक वेबहुकच्या बिघाडातून होतात. सुरक्षेचं प्लगइन त्याला अडवतं, होस्टिंग बंद असतं, किंवा गुप्त की बदलून दोन्हीकडे सारखी राहत नाही. वेबहुक पोहोचला नाही, तर गेटवे काही काळ पुन्हा पुन्हा पाठवतो. सतत अपयश येत राहिलं, तर तो वेबहुक बंदही करू शकतो.

तपासणी घरच्या घरी होते. दहा रुपयांची एक वस्तू साइटवर टाका, स्वतःच ऑर्डर करा, यूपीआयने पैसे भरा आणि साइटवर परत न येता ब्राउझर बंद करून टाका. पाच मिनिटांत ऑर्डर आपोआप प्रोसेसिंगला गेली, तर वेबहुक ठीक. पेंडिंगच राहिली, तर साइट बनवणाऱ्याला बोलवा. मोठ्या सणाच्या आठवडाभर आधी आणि प्रत्येक प्लगइन अपडेटनंतर हे करा.

साइट बनवणाऱ्याला चार गोष्टी विचारून घ्या. वेबहुकची सही तपासली जाते का? आलेली रक्कम ऑर्डरच्या रकमेशी पडताळली जाते का? तोच वेबहुक दोनदा आला, तर ऑर्डर दोनदा पुढे जात नाही ना? आणि ‘पेड’ झालेल्या ऑर्डरवर मागाहून जुना ‘फेल’चा निरोप आला, तर ती उलटी फिरत नाही ना? या चारांची उत्तरं ‘हो, हो, नाही, नाही’ अशी हवीत.

रोजमेळ

आपल्याकडे पेढीवर संध्याकाळी रोजमेळ लिहिल्याशिवाय कुलूप लागत नसे. ऑनलाइन दुकानाला तीच शिस्त हवी. एका शीटमध्ये तीन रकाने करा: दुकानाचा ऑर्डर क्रमांक आणि रक्कम, गेटवेचा पेमेंट आयडी आणि स्थिती, बँकेत जमा झाल्याचा यूटीआर. रोज रात्री दुकान आणि गेटवे जुळवा. बँक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुळेल, कारण गेटवे आपलं शुल्क कापून एकत्रित रक्कम मागाहून जमा करतो. त्यामुळे बँकेतली रक्कम विक्रीपेक्षा थोडी कमी दिसते. हा फरक शुल्काइतकाच आहे ना, ते सेटलमेंटच्या अहवालावरून पाहा.

जुळवताना तीन याद्या निघतात. गेटवेवर पैसे आहेत, दुकानात पेंडिंग आहे: लगेच ऑर्डर पुढे न्या. दुकानात प्रोसेसिंग आहे, गेटवेवर पैसे नाहीत: माल थांबवा, कोणी हाताने स्टेटस बदललं ते शोधा. दोन्हीकडे पेंडिंग आहे: तारीख लिहून ठेवा, सहाव्या दिवशी ग्राहकाला ‘पैसे परत आले का’ असं विचारा. हा एक फोन फार कमी दुकानदार करतात.

परदेशातून फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. परदेशी कार्डं स्वीकारण्याची सोय गेटवेकडून वेगळी मागून घ्यावी लागते. ती नसेल तर न्यू जर्सीच्या मावशींचं कार्ड दर वेळी फेल होत राहील आणि त्यांना वाटेल, दोष त्यांच्या बँकेचा. दिवाळीच्या दोन महिने आधी अर्ज करा. परदेशी कार्डावर ओटीपी लागेलच असं नाही, म्हणून मोठ्या रकमेची, घाईची आणि नव्या ग्राहकाची ऑर्डर असेल तर पाठवण्याआधी बोलून खात्री करा.

वाद वाढलाच तर

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. छोटं दुकान असलं तरी तक्रारीसाठी एक नाव, एक फोन आणि एक ईमेल साइटवर ठळक द्या. पैसे बँकेत अडकलेत आणि पाच दिवस उलटून गेलेत, तर ग्राहकाला आधी त्याच्या बँकेत लेखी तक्रार करायला सांगा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. गेटवेने तुम्हाला दिलेला ‘व्यवहार आमच्याकडे यशस्वी नाही’ असा ईमेल ग्राहकाच्या हाती ठेवलात, तर त्याचं काम सोपं होतं आणि तो तुमच्या बाजूने उभा राहतो.

हे सगळं एकदम जमवायला जाऊ नका. आज रात्री फक्त पेंडिंगची यादी उघडा आणि प्रत्येक ऑर्डरसमोर गेटवे काय म्हणतो ते लिहा. उद्या ऑटो कॅप्चर आणि होल्ड स्टॉक पाहा. परवा दहा रुपयांची चाचणी करा. तीन दिवसांत तुमच्या दुकानात पैसे नेमके कुठे अडकतात ते कळेल, आणि पुढच्या वेळी ‘पैसे कट झालेत’ असा फोन आला, तर उत्तर तयार असेल.